रिकामी जागा

माझ्या लहानपणी दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन आघाड्या उघडत. स्वयंपाकघरात आई चकलीच्या भाजणीशी झुंजत असे आणि अंगणात वडील ढेकणांशी. खाटा, बाजा, पाट, जुन्या खुर्च्या, सगळे सामान उन्हात निघे आणि सांध्यासांध्यांत कढत पाणी ओतले जाई. वडील म्हणत, "अरे, ढेकूण दिसतो तिथं तो एकच असतो. जिथं असतात तिथं दिसत नाहीत." त्या वयात ह्या वाक्यात काही तत्त्वज्ञान असेल असे मला वाटले नव्हते.

आज हे आठवायचे कारण माझी भाची. ती संगमनेरला आपल्या घरी माडीवरच्या खोलीत बसते आणि दिवसभर ढेकूण मारते. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, हा व्यवसाय शेजारपाजारी इतक्या गंभीरपणे सांगितला की, "मग आमच्याकडे फवारायला कधी येणार?" अशी विचारणा झाली! वास्तविक हे ढेकूण खाटेतले नव्हेत. संगणकाच्या कामात जो दोष राहून जातो त्याला इंग्रजीत 'बग' म्हणतात, आणि बग म्हणजे ढेकूण. भाची ज्याचे दोष काढते तो आहे डेटाबेस सर्व्हर, म्हणजे माहितीचे दप्तर सांभाळणारा कारकून. हा कारकून पगार घेत नाही, रजा घेत नाही, आणि विचारल्या प्रश्नाचे उत्तर क्षणात देतो. मात्र कधी कधी ते उत्तर चुकीचे असते. ते का चुकले हे शोधून काढणे, हा हिचा धंदा.

ती ह्या धंद्यात कशी पडली, ते मी ह्या सदरात आजवर लिहिले नव्हते. लिहिले नाही ह्याचे कारण सरळ आहे. त्या गोष्टीत चूक माझी होती.

सातआठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे गाव तेव्हा अहमदनगर होते. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. आम्हा काही निवृत्त शिक्षकांचा एक लहानसा निधी आहे. दिवंगत सभासदांच्या कुटुंबांना दर दिवाळीला त्यातून एक रक्कम देतात. रक्कम फार मोठी नाही. पण जिल्हा मोठा; महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके. त्यामुळे कुणी पैसे घेऊन गेले, कुणाचे राहिले, ह्याचा मेळ ठेवणे हे चिटणिसाचे काम होऊन बसते. चिटणीस मी. पूर्वी मी हे सारे एका लांबट वहीत लिहीत असे. भाची त्या वेळी पुण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. सुटीत आली, माझी वही पाहिली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं मी तुम्हांला एका जुन्या संगणकावर बसवून देते."

मी मध्यमवर्गीय माणसाचा पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?"

"फुकट," ती म्हणाली.

फुकट ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. तेव्हा तिने मला समजावून सांगितले, आणि ते इतके सरळ सांगितले की वाचकांपुढेही ठेवतो.

माहिती साध्या तक्त्यांत मांडायची, ओळी आणि रकाने एवढाच संसार ठेवायचा, आणि एका तक्त्याची दुसऱ्याशी सांगड समान क्रमांकावरून घालायची, ही कल्पना एडगर कॉड ह्या इंग्लंडात जन्मलेल्या गणितज्ञाने १९७० साली अमेरिकेत, आयबीएम कंपनीत असताना मांडली. शाळेचा हजेरीपट एक, गुणपत्रक दुसरे, फीचे रजिस्टर तिसरे, आणि तिन्हींना जोडणारा धागा म्हणजे मुलाचा पटावरचा क्रमांक. शिक्षकाला ह्यात नवीन ते काय? नवीन एवढेच की प्रश्न विचारणाऱ्याने काय हवे ते सांगायचे. कुठले रजिस्टर आधी उघडायचे आणि कुठले मागून, ते यंत्राने ठरवायचे. प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिची पहिली मांडणी १९७४ सालची, चेंबरलिन आणि बॉइस ह्या दोघांची.

हे काम करणारे सर्व्हर कंपन्या भारी किमतीला विकीत. पण काही मंडळींनी आपले सर्व्हर उघडे ठेवले. म्हणजे त्यांची सगळी आतली लिखावट कुणीही वाचावी, वापरावी, त्यात चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. फिनलंडच्या मायकेल विडेनियस ह्यांनी सहकाऱ्यांसह १९९५ साली असा एक सर्व्हर काढला. त्यांच्या मुलीचे नाव 'मी', इंग्रजी उच्चाराने 'माय', म्हणून त्याचे नाव मायएसक्यूएल. पुढे ती कंपनी २००८ मध्ये सनने घेतली आणि २०१० मध्ये सनला ओरॅकलने. त्याच्या आधीच, २००९ साली, विडेनियस ह्यांनी तीच उघडी लिखावट घेऊन दुसरी चूल मांडली आणि धाकट्या मुलीच्या, मारियाच्या, नावाने तिला मारियाडीबी म्हटले. दुसरा असाच सर्व्हर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनी सुरू केलेल्या कामातून वाढला. १९९६ पासून तो पोस्टग्रेसक्यूएल म्हणून ओळखला जातो. त्याला आपल्याकडचाही हात लागला आहे. २००८ च्या आवृत्तीत आलेली 'हॉट' नावाची मोठी सुधारणा पुण्यात काम करणाऱ्या पवन देवलसी ह्यांनी लिहिली. एखादी नोंद बदलली की प्रत्येक सूचीत नवी खूण करीत बसायचे, हा हेलपाटा तिने बराच कमी केला.

हे ऐकून माझी शंका फिटली. मी म्हणालो, "म्हणजे सहकारच की गं! आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तसाच हा."

"तसाच," भाची म्हणाली. "फक्त ह्यात उसाऐवजी चुका घालायच्या."

असा आमचा निधी संगणकावर गेला. पहिली दोन वर्षे सुखाची गेली. दिवाळीच्या चार दिवस आधी मी एक कळ दाबी, आणि ज्यांनी अजून रक्कम नेलेली नाही त्यांची यादी निघे. मग मी फोन करी. तिसऱ्या वर्षी कळ दाबली आणि कागद कोरा निघाला. एकही नाव नाही!

वाचकहो, माणूस स्वतःला सोयीच्या गोष्टीवर किती लवकर विश्वास ठेवतो, पाहा. मला काय वाटावे? वाटले, वा! ह्या वर्षी सगळे वेळेवर येऊन गेले. मी यादी फायलीला लावली आणि घरी सौभाग्यवतींना जाहीर केले की ह्या दिवाळीत मी मोकळा आहे. त्यांनी लगेच करंज्यांचे सारण माझ्यापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाहून वहिनी आल्या. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी. आम्ही दोघांनी एकाच शाळेत बावीस वर्षे शिकवले. वहिनींचे वय सत्तरीच्या पुढे. सकाळच्या एस्‌टीने निघून माळीवाडा स्टँडवर उतरल्या, तिथून रिक्षाने सावेडीला, आमच्या घरी. पाणी प्याल्या, चहा घेतला, आणि मग जरा संकोचाने म्हणाल्या, "भाऊजी, यंदाचं ते..."

मी फाईल उघडली. कोरा कागद पाहिला आणि म्हणालो, "वहिनी, यादीत तुमचं नाव नाही. म्हणजे तुमची रक्कम गेलेली आहे. मुलानं नेली असेल."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "असेल बाई. माझ्याच ध्यानात नसेल. हल्ली राहात नाही काही." आणि पिशवीतून त्यांनी घरच्या बाजरीच्या पिठाची पुडी काढली, सौभाग्यवतींच्या हाती दिली, आणि परतीची गाडी गाठायला निघाल्या.

रात्री मला झोप लागेना. वहिनींचे ध्यान चांगले आहे. माझ्या लग्नाची तारीख मला त्यांनी दोनदा आठवण करून दिलेली आहे. शेवटी उठलो आणि पावत्यांचा डबा पुढे घेतला. यंत्राला बाजूला ठेवून बोटांनी मोजल्या. पावत्या एकसष्ट. निधीची कुटुंबे अडुसष्ट. अडुसष्टांतून एकसष्ट गेले, राहिले सात. चौथीतल्या मुलाला येईल अशी वजाबाकी! आणि यंत्र म्हणत होते, राहिले कुणीच नाही.

नशिबाने दुसऱ्याच दिवशी भाची सुटीला आली. मी तिला उंबऱ्यातच गाठले. तिने सगळे ऐकले, संगणकापुढे बसली, कोरी यादी स्वतः काढून पाहिली, आणि तिचे डोळे चमकले. "मामा, सर्व्हरचा बग सापडला!" एखाद्या पोराला विहिरीत कासव दिसावे तसा तिचा आवाज होता. त्या वयात दुसऱ्याची, त्यातून मोठ्याची, चूक सापडण्यासारखा आनंद नाही. तिने त्या सर्व्हरच्या मंडळींना तक्रार लिहायला घेतली.

पण ह्या तक्रारीचा एक रिवाज आहे, आणि तो मला फार आवडला. 'तुमचे यंत्र बिघडले आहे' असे नुसते लिहून भागत नाही. चूक दुसऱ्याच्या संगणकावर जशीच्या तशी घडवून दाखवता आली पाहिजे. त्यासाठी आपले दप्तर सोलत सोलत इतके लहान करायचे की त्यात चुकीखेरीज काही उरू नये. अडुसष्ट कुटुंबांची तिने तीन केली. चूक कायम. रकाने काढून टाकले, नावे, गावे, तारखा सगळे गेले. नुसते क्रमांक उरले. चूक कायम. मग ती एकसष्ट पावत्यांतली एकेक पावती काढू लागली. काढावी, कळ दाबावी, कोरा कागद पाहावा, पुढची काढावी. मी शेजारी बसून चकल्या खात होतो. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या पावतीला पडद्यावर एकदम नावे उमटली.

आम्ही दोघेही थांबलो. तिने ती पावती परत घातली. नावे गेली. काढली; नावे आली. मग तिने ती उघडून पाहिली. रक्कम होती, तारीख होती. सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा होता.

"मामा," तिचा आवाज बदलला होता, "ही पावती कुणी भरली?"

डब्यातून मूळ कागद काढला. अक्षर माझेच.

रिकाम्या रकान्याने एवढा अनर्थ कसा केला? भाचीने मला हजेरीपटाची भाषा वापरून समजावले. पटावर मुलाच्या नावापुढे हजेरीची खूण असते, नाही तर गैरहजेरीची. पण गुरुजी काहीच न लिहिता गेले, तर? तो मुलगा हजर म्हणावा की गैरहजर? दोन्ही नाही. उत्तर एकच: ठाऊक नाही. डेटाबेसात ह्या रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. खिशात शून्य रुपये आहेत ही पक्की माहिती झाली. खिसा पाहिलाच नाही, तो नल. कॉडचा तर आग्रहच होता की हा भेद यंत्राने काटेकोर पाळला पाहिजे.

आता आमचा प्रश्न असा होता: ज्यांचा क्रमांक पावत्यांतल्या कुठल्याही क्रमांकाशी जुळत नाही, असे सभासद सांग. यंत्र वहिनींचा क्रमांक घेऊन निघाले. पहिल्या पावतीवरचा क्रमांक वेगळा? हो, वेगळा. दुसरीवरचा? वेगळा. असे करीत ते रिकाम्या पावतीपाशी आले. हिच्यावरचा क्रमांक वहिनींच्या क्रमांकाहून वेगळा आहे का? ठाऊक नाही. तो त्यांचाच नसेल कशावरून? मग एकूण उत्तर काय? ठाऊक नाही. आणि नियम असा की ज्याच्याविषयी खात्रीने 'हो' म्हणता येईल तेच नाव यादीत घ्यायचे. वहिनींचे नाव गळले. त्याच न्यायाने सर्वांचेच गळले. एका रिकाम्या जागेने सातही कुटुंबांना बाहेर ठेवले.

"म्हणजे सर्व्हरचा बग नाही?" मी विचारले.

"नाही. त्यानं नियम पाळला. मी प्रश्न चुकीच्या तऱ्हेनं विचारला, तुम्ही रकाना रिकामा ठेवलात, आणि क्रमांकावाचून पावती घ्यायचीच नाही अशी ताकीद मी त्याला दिली नव्हती." तिने लिहायला घेतलेली तक्रार पुसून टाकली. मग प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला: ज्या सभासदाच्या नावावर एकही पावती अस्तित्वात नाही, तो सांग. नावे आली. पण सात नव्हे, आठ! कारण त्या रिकाम्या पावतीचा धनी त्यांतच होता. मूळ कागदावरची सही ताडून त्याचा क्रमांक घातला तेव्हा सात उरली. पाचवे नाव वहिनींचे.

पाडव्याच्या दिवशी मी आणि भाची एस्‌टीने गेलो. वहिनी ओटीवर निवडण घेऊन बसल्या होत्या. मी पाकीट पुढे केले आणि, सरळच सांगतो, मान खाली घालून म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं यंत्र कशाला खोटं बोलेल? मी चार रात्री आठवीत होते, कधी नेले पैसे, कुणाला दिले. सुनेलाही विचारून बसले." मग हसून म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे डोकं अजून शाबूत आहे."

पैसे चार दिवस उशिरा मिळाले ह्याचे त्यांना काही नव्हते. चार दिवस त्यांनी स्वतःच्या स्मरणाला दोष दिला होता, आणि तो दोष मी त्यांच्या हाती दिला होता. परतीच्या गाडीत भाची खिडकीबाहेर बघत होती. करंजीचा घाट मागे पडल्यावर म्हणाली, "मामा, आपली चूक होती हे निदान शोधता आलं. समजा, प्रश्नही बरोबर आहे, नोंदीही बरोबर आहेत, आणि सर्व्हरच चुकला, तर लोकांना कसं कळणार?" मला उत्तर सुचले नाही. तिने ते शोधायचे ठरवले.

आणि सर्व्हर चुकतात, वाचकहो. त्याचा एक नमुना ह्या विषयात अभिजात समजला जातो. प्रश्नात प्रश्न असला, तर तो जसाच्या तसा सोडवायला फार वेळ लागतो, कारण दर माणसामागे सगळा डबा पुन्हा उपसावा लागतो. १९८२ साली वॉन किम ह्यांनी अशा प्रश्नांना उलगडून दोन तक्त्यांच्या साध्या सांगडीत बदलण्याची युक्ती प्रसिद्ध केली. काम कितीतरी झपाट्याने होऊ लागे. पण १९८४ साली वेर्नर किसलिंग ह्यांनी दाखवले की प्रश्नात मोजणी असली तर ही युक्ती चुकते. आमच्याच निधीचे उदाहरण घेतो. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे 'इतक्या वेळा रक्कम घेतली' असा आकडा आहे, आणि डब्यात पावत्या आहेत. ज्यांचा आकडा पावत्यांच्या संख्येशी जुळतो त्यांची नावे हवीत. एखाद्याने कधीच काही घेतले नाही. वहीत शून्य, डब्यातही शून्य. जुळले की नाही? जुळले, नाव यायला हवे. पण नव्या युक्तीत आधी पावत्यांचे गठ्ठे करतात आणि मग गठ्ठ्यांशी सांगड घालतात. ज्याची पावतीच नाही त्याचा गठ्ठा नाही. गठ्ठा नाही म्हणून सांगड नाही. सांगड नाही म्हणून नाव नाही. शून्यवाला माणूस निमूटपणे नाहीसा! ह्या दोषाला 'काउंट बग' असे नावच पडले. १९८७ साली गॅन्स्की आणि वाँग ह्यांनी उपाय दिला: सांगड अशी घाला की जोडीदार न मिळालेलाही ओळीत उभा राहील, आणि त्याच्यापुढे शून्य लिहा.

पाहा, दोन्ही गोष्टींत गळाले कोण? ज्याच्या नावे काही नाही, तोच.

भाची आज असेच दोष काढते. तिच्या म्हणण्याप्रमाणे दोष तीन जातींचे. सर्व्हर कोसळला तर सगळे धावतात. सर्व्हर मंदावला तर सगळे कुरकुरतात. पण तो उभा राहून, हसतमुखाने, झटकन चुकीचे उत्तर देतो तेव्हा कुणीच ओरडत नाही. सगळ्यांत वाईट ढेकूण हा, आणि वडील म्हणत तसा तो जिथे असतो तिथे दिसत नाही.

बहुधा तो लपतो सर्व्हरच्या 'ऑप्टिमायझर' ह्या भागात. पाच तक्ते जोडायचे तर कुठला आधी घ्यावा, सूची चाळावी की पाने, ह्याच्या हजार वाटा असतात. प्रत्येक वाटेचा खर्च अदमासून स्वस्त वाट निवडायची, ही पद्धत १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. वाटा बदलल्या तरी उत्तर एकच यावे, ही अट. ती मोडली की बग. सर्व्हरला, "बाबा, हे काम तू कोणत्या वाटेनं करणार आहेस?" असे आधी विचारता येते. भाची एकच प्रश्न दोन वाटांनी सोडवायला लावते, आणि उत्तरे वेगळी आली की तिची शिकार सुरू होते.

मग ती लिखावटीत मागे जाते. पूर्वी हे बरोबर येत होते का? होते, तर कुठल्या बदलाने बिघडले? हजार बदल झालेले असले तरी ती हजार तपासत नाही. मधला तपासते. तिथे बरोबर असेल तर पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. दहा फेऱ्यांत नेमका बदल हाती येतो. मग दुरुस्ती. तिची पहिली स्वीकारली गेलेली दुरुस्ती तीन ओळींची होती आणि तिच्यासोबतची चाचणी चाळीस ओळींची. मी विचारले, "हे उलट नाही का झालं?" ती म्हणाली, "दुरुस्ती आजच्यासाठी, मामा. चाचणी पुढच्यांसाठी. पुढं कुणी काहीही बदललं तरी ही चाचणी आपोआप चालते. हाच ढेकूण परत आला तर ओरडते." त्यानंतर दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसाने त्या तीन ओळी वाचल्या, एका शब्दावर हरकत घेतली, चार दिवस वाद झाला, आणि मग त्या आत गेल्या.

मला हे ऐकून आमच्या नेवाशाची आठवण झाली. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग हातोहात नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि दर नकलेत कुणी ओळ गाळली, कुणी पदरची घातली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, गोदेपलीकडे पैठणला एकनाथांनी पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. उघडा ग्रंथ अनेकांच्या हातांनी पसरतो, बिघडतोही अनेकांच्या हातांनी, आणि कुणीतरी एकाने ओळ न् ओळ ताडीत बसल्यावाचून तो शुद्ध होत नाही. भाचीला मी हे म्हणालो तेव्हा ती कानाची पाळी धरून म्हणाली, "मामा, कुठं ते आणि कुठं मी!" पण खूश झाली.

अलीकडे हे ढेकूण पकडायला यंत्रांनाच लावतात. झुरिकच्या मानुएल रिगर आणि झेंडाँग सू ह्यांनी २०२० साली एक फार सोपी तोड काढली. कुठलीही अट घ्या. ती खरी ठरणारे किती, खोटी ठरणारे किती, आणि ठाऊक नाही असे किती, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. तिन्ही उत्तरांची बेरीज सगळ्या पटाइतकी भरली पाहिजे. नाही भरली तर सर्व्हर चुकला. ह्या तोडीने एसक्यूलाइट, मायएसक्यूएल अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसांतले दोष उघडकीस आले. मी हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. त्या रात्री डबा घेऊन बसलो होतो, तेव्हा मी दुसरे काय केले होते?

आमच्या गावाचे नाव बदलले तेव्हाही हाच धडा कामी आला. जुन्या नोंदींत अहमदनगर, नव्यांत अहिल्यानगर. माणसाला कळते की गाव एकच. यंत्राला ती दोन गावे. नावावरून सांगड घातली असती तर अर्धी मंडळी पुन्हा बेपत्ता झाली असती. आम्ही आधीच गावाला क्रमांक दिला होता आणि सांगड क्रमांकावरून घातली होती. नाव एका ठिकाणी बदलले, काम झाले.

आता आमच्या निधीच्या यादीखाली भाचीने तीन ओळी छापायला लावल्या आहेत. रक्कम घेतली: इतके. घ्यायची राहिली: इतके. ठाऊक नाही: इतके. आणि त्यांखाली एकूण कुटुंबे. बेरीज जुळल्यावाचून मी यादीवर सही करीत नाही. सौभाग्यवती म्हणतात, हीच पद्धत मी घरात बोलण्यातही पाळावी. 'हो', 'नाही' आणि 'मला ठाऊक नाही' ह्यांपैकी तिसरे उत्तर मी पस्तीस वर्षे वर्गात आणि त्याहून जास्त वर्षे घरात कधी दिले नाही, असा त्यांचा आरोप आहे. तो खरा आहे. त्या दुपारी वहिनींना मी, "ठाऊक नाही, डबा पाहून सांगतो," एवढेच म्हणालो असतो तर चार रात्री वाचल्या असत्या.

काल संध्याकाळी ह्या वर्षीची यादी काढली. अजून अकरा जणांचे घेणे राहिले आहे. फोन सुरू केले आहेत. वहिनींना मात्र फोन करावा लागला नाही. त्या आता थकल्या आहेत, एस्‌टीने येत नाहीत. त्यांचा नातू आला होता. त्याच्याबरोबर बाजरीच्या पिठाची पुडी होती, आणि निरोप होता: "भाऊजींना सांग, पावतीवर क्रमांक घाला म्हणावं."

घातला. आणि तिसऱ्या ओळीत, 'ठाऊक नाही' ह्या शब्दांपुढे, ह्या वर्षी शून्य आले आहे. रिकामी जागा नव्हे. चांगले वाटोळे, ठसठशीत शून्य.

वाचकांना दिवाळीचे अभीष्टचिंतन.